परत मागितलेलं वाण

आमच्या घरी टीव्ही आला त्याला आता बरेच दिवस झाले. बातम्यांपेक्षा आणि नाटकांपेक्षा त्यातल्या जाहिरातीच मला जास्त पाठ झाल्या आहेत, आणि हे माझ्या बुद्धीला शोभून दिसतं असं आमच्या कुसुमचं मत आहे. त्या जाहिरातींतली माणसं फार झटपट नाती जोडतात. साबणवाला वहिनी म्हणतो, चहावाला भाऊ म्हणतो, आणि दात घासायची पेस्ट विकणारी एक हसरी मुलगी तर रोज संध्याकाळी माझ्याकडे अशी बघते की, इतक्या वर्षांत आपण दात घासलेच नाहीत की काय, अशी शंका मलाच येते. अशा वेळी मला हटकून कोराडीच्या मनकर्णाबाई भोयर आठवतात. जाहिरात म्हणजे काय हे त्यांनी एकदा आमच्या उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं. "जे आपल्याले ओळखत नाही, अन् दारात उभं राहून वहिनी म्हणते, ते जाहिरात."

एवढं पक्कं माहीत असलेली बाई फसली कशी, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

कोराडीचं वीज केंद्र तेव्हा नवं होतं आणि मी तिथे टाइम ऑफिसात कारकून म्हणून नवा होतो. कोण कामावर कधी आला आणि कधी गेला, हे लिहिण्याचं काम. स्वतः वेळेवर येण्याची अट त्यात कुठे लिहिलेली नव्हती, निदान माझ्या वाचनात आली नव्हती. जन्म गेला नागपुरात, महाल भागातल्या गल्लीत, जिथे शेजारच्या फोडणीला आपल्याकडे ठसका लागतो. आणि इथे पुढे मोकळं मैदान, मागे मोकळं मैदान, मधे आम्ही दोघं नवरा-बायको आणि वरून वीज केंद्राच्या धुराड्यांची राख. दोरीवर वाळत टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन घरात यायचा. कुसुमनं पहिल्या महिन्यातच पांढऱ्या रंगावरची श्रद्धा सोडली.

कॉलनीत सगळी नवी लग्नं झालेली जोडपी. कोणी काटोलकडचं, कोणी भंडाऱ्याचं, कोणी थेट बालाघाटहून आलेलं. नळ होते, दिवे होते, शहरात जायला बस होती. सासू तेवढी नव्हती. सुरुवातीला याचा सगळ्या सुनांना फार आनंद झाला. पहिलं मूल झाल्यावर तो आनंद ओसरला. रात्री बाळ रडायला लागलं की का रडतंय हे सांगणारं कोणी नाही. मग एक एक करून सगळ्याजणी मनकर्णाबाईंच्या दारात जायला लागल्या.

मनकर्णाबाई पंचेचाळिशीच्या असतील. बुटक्या, रुंद, नऊवारी लुगडं, कपाळावर भलंमोठं कुंकू. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, मुलगा चंद्रपूरकडे नोकरीला. भोयरजी कोळसा विभागात होते. तिथल्या यंत्रांच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांच्या घरात बोलण्याचं सगळं काम एकट्या मनकर्णाबाईंवर पडलं होतं, आणि ते त्या आनंदानं करत.

कोणाच्याही घरी गेल्या तरी त्या पूर्ण आत येत नसत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "बसत नाही वं, घाई हाये," असं म्हणून तशाच तासभर उभ्या राहत. आतल्या पायाच्या बाजूनं घरातल्या बाईशी बोलत आणि बाहेरच्या बाजूनं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी. मला त्या 'टायमबाबू' म्हणत. मी उशिरा निघालो की त्या बाहेरच्या बाजूनं विचारत, "काहून गा टायमबाबू, आज टायम तुमच्या मागून येऊन राहिला का?"

कॉलनीची बस नागपूरला जायची तेव्हा ड्रायव्हरच्या मागची जागा त्यांची ठरलेली. तिथून त्या मागच्या टोकापर्यंत निरोप धाडायच्या. "इंगोलेच्या बाईले सांग, तिच्या बहिनीसाठी मुलगा पाह्यला." निरोप सीटमागून सीट मागे जायचा, उत्तर पुढे यायचं, वाटेत त्यात प्रत्येकजण थोडी भर घालायचा. नागपूरची बर्डी येईपर्यंत बसमध्ये एखादं लग्न अर्धं जुळलेलं असे आणि एखादं भांडण पूर्ण पेटलेलं. कोणाला भाड्यानं खोली हवी, कोणाला गाय हवी, कोणाच्या भावाला वर्कशॉपमध्ये चिकटवायचं आहे, हे सगळं मनकर्णाबाईंच्या डोक्यात असायचं, आणि या टोकाचं गरजू माणूस त्या टोकाला नेऊन जोडून देण्यात त्यांचा दिवस जायचा. यातून त्यांना काय मिळत असेल, असं मी एकदा कुसुमला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही रोज पानठेल्यावर उभे राहता त्यातून तुम्हाला काय मिळतं? मी विषय बदलला.

त्यांच्या शब्दाला वजन कसलं होतं ते महालातल्या एका कापडवाल्याला सर्वात आधी समजलं. मनकर्णाबाईंनी एकदा सहज म्हटलं की त्याच्याकडचा खण धुतल्यावर रंग सोडत नाही. पुढच्या रविवारी अर्धी कॉलनी त्याच्या पायरीवर. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मोर्चा आला. कारण कळल्यावर त्यानं मनकर्णाबाईंना बसवलं, थंड पाजलं आणि एक चांगलं लुगडं घडी करून पुढे सरकवलं. बाईंनी ते उलगडून पाहिलं, काठ बोटांनी चाचपला आणि परत घडी घालून ठेवून दिलं. आम्ही सोबत होतो. परतीच्या बसमध्ये कुसुमनं विचारलं, घेतलं का नाही? त्या म्हणाल्या, "घेतलं असतं तं उद्यापासून मी खरं बोलून राहिली का त्याचं लुगडं बोलून राहिलं, हे मलेच समजलं नसतं."

दुसरी गोष्ट केसांच्या तेलाची. एकदा एक मोटार भोंगा लावून कॉलनीत आली. टपावर बाटलीचं मोठं चित्र, आत एक तरुण माइक हातात घेऊन ओरडतोय की या तेलानं केस कमरेपर्यंत येतील. बायका जमल्या. मनकर्णाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला टोपी काढायला सांगितली. तो आधी हसला, मग माइक खाली ठेवला, मग टोपी काढली. कपाळ मागे टाळूपर्यंत गेलं होतं. सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. पण मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्याला घरी नेऊन भाकर आणि झुणका वाढला. जेवताना कळलं की त्याला ती नोकरी मनापासून नको आहे, घरी विधवा आई आहे. महिन्याभरात त्यांनी त्याला एका सायकल दुकानात लावून दिला. तेलवाल्यांचा ओरडणारा माणूस गेला, आणि कॉलनीला पंक्चर काढणारा ओळखीचा मिळाला.

अशी ही बाई. स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. त्यांना गाठणाऱ्यांना बहुतेक हेच माहीत असावं.

संक्रांतीच्या आधी काही दिवस एक बाई मनकर्णाबाईंकडे आली. इस्त्रीची पांढरी साडी, पांढरे बूट, खांद्याला पिशवी. कॉलनीच्या राखेतून चालत येऊनही तिची साडी पांढरीच होती, हे कुसुमनं मला दोनदा सांगितलं. ती एका कंपनीची होती. लहान बाळांसाठी दुधाची पावडर करणारी कंपनी. पण मनकर्णाबाईंना ती दवाखान्यातून आल्यासारखी वाटली, आणि तसं वाटावं म्हणूनच ती तसे कपडे घालून आली असणार. तिनं वहिनी म्हटलं नाही. ती वाकून पाया पडली आणि मावशी म्हणाली.

ती म्हणाली की इथल्या मुली एकट्या आहेत, आई नाही, सासू नाही, बाळांचे हाल होतात. मनकर्णाबाई रोज जे बोलायच्या तेच ती बोलली. मग पिशवीतून भिंतीवर लावायचं एक चित्र काढलं. गुटगुटीत, गोरंपान, हसणारं बाळ. आणि पावडरचे छोटे डबे. विकायचे नाहीत, फुकट. संक्रांतीचं हळदीकुंकू होईलच, तेव्हा वाण म्हणून द्या. तुम्हाला काही नको, मला ठाऊक आहे, पण मुलींना द्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींना काहीतरी वस्तू द्यायची, ते वाण. मनकर्णाबाई कॉलनीसाठी दरवर्षी वर्गणी काढून वाण आणायच्या. कधी फणी, कधी गाळणी, एका वर्षी प्लॅस्टिकचे साबणाचे डबे आणले होते आणि त्यातला आमचा डबा मी दाढीच्या सामानासाठी पळवला होता. त्यांनी पावडर पाण्यात कालवून चाखली. भोयरजींना चाखवली. गोड लागली. स्वतःची मुलं त्यांनी अंगावरच वाढवली होती, पण त्यांना वाटलं, आपलं झालं खेड्यात, हे शिकलेल्या लोकांचं आहे. आणि वर्गणीही वाचत होती.

हळदीकुंकू थाटात झालं. पांढऱ्या साडीतली बाई आली, तिनं बाटली कशी धुवायची, पावडर किती घ्यायची ते गोड आवाजात सांगितलं. मनकर्णाबाईंनी प्रत्येकीला कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि ओटीत डबा घातला. आमच्या घरी बाळ नव्हतं, पण सवाष्ण होती, म्हणून डबा आला. मी त्या पावडरचा चहा करून पाहिला. फार छान झाला. पुढे चहा करण्याचा कंटाळा आला तेव्हा मी ती नुसतीच चमच्यानं खायला लागलो.

आमच्या मागच्या ओळीत राऊत नावाचा हेल्पर राहायचा. बायको शोभा, विशीतली, बोलायला घाबरणारी, मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा. एका खोलीचं क्वार्टर आणि त्यात राऊतचे दोन भाऊ नोकरी शोधायला आलेले, दिवसभर घरीच. शोभानं मनकर्णाबाईंनी दिलेला डबा उघडला. डॉक्टरनं दिलेला असता तर तिनं विचार केला असता, ती नंतर कुसुमला म्हणाली. पण मावशीनं दिला होता. बाळ बाटली पिऊन शांत झोपलं. तिला दोन दिरांसमोर भिंतीकडे तोंड करून बसायची गरज उरली नाही. डबा संपेपर्यंत अंगावरचं दूध कमी झालं होतं. मग राऊतनं दुकानातून डबा आणला, आणि पगाराच्या मानानं तो फार महाग होता. शोभा पावडर थोडी कमी घालायला लागली, पाणी थोडं जास्त. रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा पाणी उकळायचंही राहून जायचं. बाटली एकच होती.

होळीच्या सुमारास बाळाला जुलाब सुरू झाले आणि थांबेनात. डोळे खोल गेले. शोभा त्याला पदरात गुंडाळून मनकर्णाबाईंच्या दारात आली. मी तेव्हा ऑफिसला निघालो होतो, म्हणजे उशीर झाला होता. मनकर्णाबाईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सोडल्यावरही तशीच वर उभी राहिली. त्या घराला कुलूप लावायलाही थांबल्या नाहीत. बस निघायला वेळ होता; त्यांनी कोळशाचा रिकामा परतणारा ट्रक रस्त्यात आडव्या उभ्या राहून थांबवला आणि शोभाला घेऊन ड्रायव्हरशेजारी चढल्या.

पुढचं मला कुसुमकडून कळलं, ती संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेली होती. बाळाला सलाइन लावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी शोभाला विचारलं, वरचं दूध कोणी सुरू करायला सांगितलं? शोभा म्हणाली, कोणी सांगितलं नाही, वाणात आलं होतं. डॉक्टरीणबाईंना काही समजलं नाही. वाणात कसं येईल दूध? मनकर्णाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या देल्लं." एवढंच. मग डॉक्टरीणबाई बरंच बोलल्या, आणि ते सगळं त्यांनी मान वर ठेवून ऐकून घेतलं. बाळ वाचेल का, असं विचारल्यावर डॉक्टरीणबाई उद्या सांगते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शोभाजवळ कुसुमला बसवून मनकर्णाबाई कॉलनीत परत आल्या आणि त्यांनी दारोदार जाऊन डबे परत मागायला सुरुवात केली.

हे किती मोठं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. पुरुषांना यातलं काही कळत नाही आणि मला तर इतरही फारसं कळत नाही. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणं, हे आजवर कोणी ऐकलं नव्हतं. दिलेलं सौभाग्य परत घेण्यासारखंच ते. देणारीचंही खरं नाही आणि घेणारीचंही. बायकांनी डबे पाठीमागे लपवले, दारं लोटून घेतली. ज्यांची बाळं तो डबा पिऊन गुटगुटीत दिसत होती त्यांनी तर उघडच सांगितलं की देणार नाही. इंगोलेबाई म्हणाल्या, "राऊतच्या बाईले पाणी उकयता येत नाही, त्याले आम्ही काय करावं? अन् तुमाले आपल्या नवऱ्याचं काही वाटत नसन, मले माह्या नवऱ्याचं वाटते."

यावर बोलले ते भोयरजी. ते बायकोच्या मागे पोतं धरून उभे होते. कोळशाच्या धुळीनं माखलेले, पाळी संपवून थेट आलेले. वाण परत घेतल्यावर ज्याच्या आयुष्याला धोका, तोच माणूस पोत्याचं तोंड उघडून धरून होता. त्यांना किती ऐकू आलं होतं कोण जाणे, पण ते मोठ्यानं म्हणाले, "मी हाओ ना जिवंत. टाका बाई याच्यात."

काहींनी टाकले. काहींनी रिकामे डबे टाकले आणि भरलेले ठेवून घेतले. आमच्या दाराशी आल्या तेव्हा मी एकटाच घरी होतो. पाव डबा उरला होता आणि त्यात चमचा उभा होता. मी तो तसाच पुढे केला. त्यांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एरवी माझी चेष्टा करायला हा एक चमचा त्यांना वर्षभर पुरला असता. त्या दिवशी त्यांनी चमचा पुसून मला परत दिला आणि पुढच्या घराकडे वळल्या. मला त्यापेक्षा बोलणी खाल्लेली चालली असती.

बाळ वाचलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अंगावर पाजत राहा, दूध परत येईल. मनकर्णाबाईंनी राऊतच्या दोन्ही भावांना स्वतःच्या घरी राहायला आणलं. ते पाय पसरून भोयरजींच्या खाटेवर झोपायचे आणि भोयरजी ओसरीत. शोभाला थोडं थोडं दूध आलं. पण बाळ हडकुळंच राहिलं, नजर लागल्यासारखं मोठ्या डोळ्यांनी बघायचं, उशिरा बसलं, उशिरा उभं राहिलं. राऊतनं मनकर्णाबाईंना एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त शोभाचं त्यांच्याकडे जाणं बंद केलं. पुढे त्यानं दुसऱ्या ओळीत क्वार्टर बदलून घेतलं. जाताना कोणी सांगायलाही आलं नाही.

उन्हाळ्यात पांढऱ्या साडीतली बाई पुन्हा आली. मी सुटीवर घरी होतो, आणि आमच्या ओसरीतून भोयरांच्या घरातलं सगळं दिसायचं, म्हणजे पाहायचं ठरवलं तर दिसायचं. तिनं नवे डबे आणले होते, आणि आता आजूबाजूच्या गावांतही मावशींनी सोबत यावं अशी तिची विनंती होती. मला वाटलं आता ऐकण्यासारखं काहीतरी होणार. मनकर्णाबाईंनी तिला पाणी दिलं. पोतं आणून तिच्यापुढे ठेवलं, हे घेऊन जा म्हणाल्या. मग काय झालं ते सगळं सांगितलं, बाळाचं नाव घेऊन सांगितलं. ती बाई खरोखर हादरली होती. पाण्याचा पेला तिच्या हातात तसाच राहिला.

"तुले लेकरू हाये?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आहे. मुलगी."

"तिले हेच देल्लं?"

तिनं पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "नाही मावशी. माझी आई होती ना घरी."

मनकर्णाबाईंनी तिला हाकललं नाही. तिची नोकरी आहे, घरी आजारी नवरा आहे, हे सगळं त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं, जसं त्या सगळ्यांचंच काढून घ्यायच्या. जाताना तिला पोतं उचलेना, तेव्हा एका बाजूनं हात लावून बसपर्यंत नेऊन दिलं. मी नंतर कुसुमला म्हणालो, तिला चार शब्द सुनवायला हवे होते. कुसुम म्हणाली, सुनवून झालं की ते, तुम्हाला ऐकू आलं नाही का?

त्यानंतर मनकर्णाबाईंच्या शब्दाचा बाजार उठला. बायका बोलायच्या, हसायच्या, पण काही विचारायच्या नाहीत. वाण परत मागणारी म्हणून पुढच्या संक्रांतीला त्यांना बऱ्याच घरचं बोलावणं नव्हतं. आणि त्यांनी स्वतःही मत देणं सोडलं. बसमध्ये आता त्या ड्रायव्हरच्या मागे बसायच्या नाहीत, जिथे जागा मिळेल तिथे बसायच्या. महालातला कोणता दुकानदार बरा, असं कुसुमनं मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, "तुह्या मनाले येईन तो." आमच्या दारात त्या पूर्वीसारख्याच उभ्या राहत, पण आता खरोखरच घाईत असल्यासारख्या लवकर जात. मी उशिरा निघालो तरी टायमबाबू म्हणून हाक यायची नाही. तेवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा ऑफिसला वेळेवर जायला लागलो, आणि त्यात मला काही सुख वाटलं नाही.

मला राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. कंपनीचं ते गुटगुटीत बाळ पुढे बर्डीच्या औषधाच्या दुकानात झळकलं, आणि कॉलनीतल्या ज्या बायका मनकर्णाबाईंना काही विचारत नव्हत्या, त्याच त्या चित्रातल्या बाळावर भरवसा ठेवून डबा आणत होत्या. त्या चित्राला कोणी जाब विचारला नाही, ते कोणाच्या दारात परत मागायला आलंही नाही. चूक झाली म्हणून सांगत फिरली ती ओळखीची बाई, आणि पत गेली ती तिचीच.

भोयरजींची बदली दुसऱ्या वीज केंद्रावर झाली तेव्हाची गोष्ट. त्यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. आम्ही काही पुरुष मंडळी मदतीला होतो, म्हणजे बाकीचे मदत करत होते आणि मी पलंग कोणत्या बाजूनं वळवावा ते सांगत होतो. समोरच्या क्वार्टरमध्ये त्याच आठवड्यात बालाघाटकडचं एक नवं जोडपं आलं होतं. त्यातली मुलगी रडणारं तान्हं बाळ घेऊन बाहेर आली. तिला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं एक मोठं कुंकू आणि नऊवारी लुगडं पाहिलं आणि ती सरळ मनकर्णाबाईंकडे गेली. घरात सासऱ्यांसोबत पाहुणे बसलेत, बाळ केव्हाचं रडतंय, काय देऊ याला, असं तिनं हिंदीत विचारलं.

आजूबाजूच्या ओसऱ्यांतल्या बायका थांबल्या. इंगोलेबाईही थांबल्या. मनकर्णाबाईंनी बाळ हातात घेतलं, मांडीवर आडवं केलं, आणि खूप वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, डॉक्टरले इचार. मग त्यांनी बाळ तिच्याकडे परत दिलं, तिला दंडाला धरून ओसरीच्या कोपऱ्यात नेलं, ट्रकमध्ये चढवायची राहिलेली खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिला तीवर बसवलं. आणि स्वतः तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी पदर पसरून, पंख उघडल्यासारखा.

ट्रकवाला घाई करत होता. भोयरजी पुढे जाऊन बसले होते. बाळाचं रडणं बारीक झालं आणि थांबलं, तरी त्या हलल्या नाहीत. हात दुखत असणार, पण पदर खाली आला नाही. आम्ही सगळे तसेच, पलंगाचे पाय धरून उभे.

"काहून पाहून राहिले गा?" त्या म्हणाल्या. "पलटा तिकडं."

आम्ही पलटलो.